अमेरिकेत कोणती घटना घडली, भाऊजी?

भाऊजी,

आधी अक्षराची माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली आणि त्यानंतर मी लिहिल्या त्या फक्त वाणसामानाच्या याद्या. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. कानाला येईल तसं लिहिते, आणि ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरते. तुम्ही रविवारी जेवायला आलात की फ्रीजवर लावलेल्या माझ्या यादीतल्या वेलांट्या खिशातल्या तांबड्या पेन्सिलीने सुधारायचात. "वहिनी, जिऱ्याला पहिली. दुसरी दिलीत तर दुकानदार जास्त पैसे लावेल." सामान आणायला जायचे तुमचे दादा, आणि त्यांना जिरं आणि शहाजिरं यातला फरक कळत नव्हता, तिथं वेलांटीचं काय घेऊन बसलात. आता या पानांवरच्या चुका तशाच राहतील. राहू देत. हे मी कोणाला दाखवणार नाही.

तुम्हाला जाऊन दोन आठवडे झाले. काल डार्मश्टाटला चर्चच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळाने तुमची शोकसभा घेतली. सगळे रडत होते. मीही रडायला हवं होतं, तीस वर्षं माझ्या हातचं जेवलेले माझे धाकटे दीर तुम्ही. पण मला किळस येत होती. नासलेल्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी. तुमची येत होती, तुमच्याबद्दल बोलणाऱ्यांची येत होती, आणि टेबलावर ठेवलेल्या त्या फोटोचीही येत होती. कोट घालून, लाल विटांच्या इमारतीसमोर उभे राहून तुम्ही हसताय. तो फोटो कुठं काढलाय आणि कोणाच्या पैशाने काढलाय, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

ते सांगते. पण सुरुवात तिथून होत नाही.

तुम्ही पहिल्यांदा जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आमच्या घरी आलात ते आठवतं? तुमचे दादा गाड्यांच्या कारखान्यात फिटर, दोन खोल्यांचं घर, आणि तुम्ही शिष्यवृत्तीवर आलेले. बाहेरच्या खोलीत जमिनीवर पुस्तकं मांडून बसायचात, मी केर काढताना तुमच्याभोवतीनं काढायची. एक दिवस धीर करून विचारलं, "कशाचा अभ्यास करताय?"

"अमेरिकेच्या घटनेचा, वहिनी."

मला वाटलं तिकडे काहीतरी झालंय. आमच्या इचलकरंजीत घटना म्हणजे अपघात, जळीत, कोणीतरी विहिरीत सापडणं. पेपरात 'घटनास्थळी पोलीस' येतं ती घटना. मरणाचा विषय, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. नंतर एकदा जेवताना तुम्हीच सुरू केलंत.

"भर उन्हाळा, वहिनी. पंचावन्न माणसं एका दालनात. बाहेर काही कळू नये म्हणून दारं बंद, खिडक्या बंद."

"अगं बाई. मग?"

"मग चार महिने तसेच."

"आणि शेवटी किती राहिले?"

"सह्या करायला? एकोणचाळीस."

सह्या कशाच्या ते मला कळलं नाही. मी मनात वजाबाकी केली. त्या संध्याकाळपासून मी देवापुढं एक वात जास्त लावायला लागले. सोळा माणसं गुदमरून गेली होती, परमुलखातली असली तरी माणसंच. थंडी सरेपर्यंत लावली. मग एकदा मी विचारलं, "त्यांच्या बायकापोरांना पुढं काही मिळालं का हो?" आणि तुम्ही इतके हसलात की ताटातली आमटी सांडली.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. घटना म्हणजे राज्यघटना. राज्य कसं चालवायचं याचा करार, राजालाही बांधणारा, इतकंच काय, राजाच नको म्हणणारा. मी म्हटलं, "मग तिला घटना का म्हणायचं? घडलं तर काहीच नाही." तुम्ही म्हणालात, "घटना म्हणजे घडण, बांधणी." मला पटलं नाही.

ती सोळा मेलेल्यांची गोष्ट तुम्ही पुढं मंडळात प्रत्येक नव्या माणसाला सांगितलीत. मी समोर भात वाढत असायची. लोक हसायचे, मीही हसायची. त्या वाती मी मनापासून लावल्या होत्या, हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तरी खोटं कशाला बोलू, शिकवलंत ते चांगलं शिकवलंत. दुसऱ्या कोणी मला बसवून शिकवलं असतं? संध्याकाळी तुम्ही फोल्क्सहोखशूल या मोठ्यांच्या शाळेत जर्मन म्हाताऱ्यांना शिकवायचात, आणि रविवारी तोच धडा माझ्या ओट्याशी व्हायचा. मी शेंगा मोडायची, तुम्ही एक मोडून तीन खायचात. एकदा माझा मसाल्याचा डबा उघडून म्हणालात, "हे बघा, अमेरिका. हळद हळदीच्या वाटीत, तिखट तिखटाच्या. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा देणारे वेगळे. कोणी कोणाच्या वाटीत सांडायचं नाही."

मी म्हटलं, "पण चमचा एकच आहे. तो कोणाच्या हातात?"

तुम्ही तोंडाशी नेलेली शेंग परत पातेल्यात टाकलीत. मग म्हणालात, "वहिनी, सगळं भांडण त्या चमच्याचंच आहे." पैशाची चावी एकाकडे, सैन्य दुसऱ्याकडे, आणि दोघांना चूक म्हणण्याचा हक्क तिसऱ्याकडे. एकाने दुसऱ्याला नाही म्हणायचं, त्याला नकाराधिकार म्हणतात. मोठ्या पदावरचा माणूसच चुकला तर त्याच्यावर खटला, तो महाभियोग. मला हे शब्द फार आवडले होते. घरात कोणी नसताना मी ते मोठ्यांदा म्हणून बघायची. नकाराधिकार. माझ्या उभ्या जन्मात मी कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्यासाठी एवढा भारदस्त शब्द आहे हे ऐकूनच बरं वाटायचं.

आणि तुम्ही एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचात. माणूस चांगला आहे असं धरून नियम करायचा नसतो. चांगला माणूसही कधीतरी चमचा हातात घेईल, असं धरून करायचा.

किळस पहिल्यांदा आली ती ओट्याशीच, पण ती वेगळी होती. मी विचारलं होतं, "त्या पंचावन्न जणांचा स्वयंपाक कोण करत होतं?" तुम्हाला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणालात, खाणावळीत जेवायचे, आणि काहींनी सेवेला आपले गुलाम आणले होते. 'आम्ही लोक' अशी सुरुवात करणाऱ्यांनी? मी विचारलं. तुम्ही मान खाली घालून सांगितलंत, लोक मोजताना पाच गुलामांची तीन माणसं धरायची, असंही त्यांनी त्याच कागदावर लिहिलं. आणि बायका कुठंच नव्हत्या. मी शेंगांचं पातेलं बाजूला सरकवलं. म्हटलं, "शी. असल्या कागदाचं काय कौतुक करता?"

"दुरुस्ती केली, वहिनी. उशिरा केली, रक्त सांडून केली, पण केली. आपण चुकलेले असू शकतो म्हणून दुरुस्तीची सोय त्यांनी आधीच ठेवली होती. मला कौतुक आहे ते त्या सोयीचं."

ते मला पटलं. आजही पटतं. म्हणूनच तुमचा राग जास्त येतो.

मंडळाची घटना तुम्हीच लिहिलीत. सभा ठरवणार, अध्यक्ष खर्च करणार, पैसे खजिनदाराकडे राहणार, आणि तक्रार आली तर तीन माणसांची निवाडा समिती बघणार. त्या तिघांत तुम्ही मला घातलंत. लोक हसले. तुम्ही म्हणालात, "वहिनी बोलत नाहीत, म्हणून त्यांचं कोणाशी वाकडं नाही. न्यायाधीश असाच हवा." अध्यक्षाला दोनच वेळा उभं राहता येईल, हेही तुम्हीच लिहिलंत. आणि अडीनडीचा निधी काढलात, परमुलखात शिकायला आलेल्या पोरांसाठी. गणपतीत डबा फिरायचा आणि पोरं स्वतःच्या खाण्यातले पाच-पाच युरो त्यात टाकायची.

मग अध्यक्ष तुम्ही झालात. दुसऱ्यांदाही झालात. तिसऱ्या वेळी नियम बदलला, तो नाटक संपून जेवण सुरू होण्याच्या मधल्या वेळात. "फक्त एवढ्या वेळेपुरता," तुम्ही माइकवर म्हणालात, आणि लोकांनी एका हातात ताट धरून दुसरा वर केला. मी मसालेभात वाढत होते. माझ्यापुढं येईल त्या ताटात मी भात घातला, पण हात वर केला नाही. तुम्ही ते पाहिलंत. रविवारी मी विषय काढला.

"तुमच्या अमेरिकेत दोनदाच ना?"

"वहिनी, ही अमेरिका नाही. हे मंडळ आहे."

"मग तिकडचा नियम इकडे आणलात कशाला?"

"दुसरं कोणी तयार नाही हो. मला काय हौस आहे?"

हौस होती, भाऊजी. खजिनदार पुण्याला परत गेला तेव्हा 'नवीन मिळेपर्यंत' म्हणून ते कामही तुम्हीच घेतलंत, आणि नवीन कोणी मिळाला नाही. टीव्हीवर अमेरिकेच्या बातम्या लागल्या की तुम्ही शिव्या द्यायचात, एक माणूस सगळं हातात घेतो आणि बाकीचे बघत बसतात म्हणून. तुमच्यापुढं पोळी ठेवताना मला हसू यायचं. आता ते हसूही कडू लागतं.

गेल्या उन्हाळ्याआधी तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात. जन्मभर ज्या दालनाबद्दल बोललात ते एकदाही पाहिलं नव्हतं. मंडळात सांगितलंत, तिकडच्या कॉलेजने व्याख्यानाला बोलावलंय. ते दालन आहे त्या फिलाडेल्फियातल्या मोठ्या घंटेची नक्कल मला आणलीत, बोटाएवढी, तडा गेलेली. "खऱ्या घंटेलाही असाच तडा आहे, वहिनी." मी ती देवापुढं ठेवली. वाजवली तर वाजेना. भिंग लावून बघितलं तर तडा नुसता रंगवलेला होता.

मग अश्विनीचं झालं. परभणीची पोरगी, डार्मश्टाटला शिकते, शनिवारी माझ्याकडे जेवायला यायची. एका सकाळी तिचे वडील गेले. तिला त्याच दिवशी निघायचं होतं, तिकिटाला पैसे नव्हते. तिने निधीसाठी तुम्हाला फोन केला, माझ्या स्वयंपाकघरातून, स्पीकर चालू ठेवून.

"बाळ, वाईट झालं," तुम्ही म्हणालात. "पण सभेची मंजुरी लागते. नियम म्हणजे नियम. एकासाठी मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडेल."

मी फोन हातात घेतला. "भाऊजी, मी बोलतेय. पोरगी रडतेय हो."

"वहिनी, तुम्हाला तरी मी हे शिकवलंय," तुम्ही म्हणालात. वर्गातला आवाज होता तुमचा.

पोरांनी पैसे गोळा करेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. तिच्या भावाने फोन धरला आणि तिने बापाला अग्नी देताना पाहिलं ते माझ्या फ्रीजला पाठ टेकून, तुम्ही वेलांट्या सुधारलेली यादी डोक्यामागं घेऊन. मी शेजारी उभी होते. तिचा हात धरला होता.

दोन दिवसांनी मी डबा घेऊन तुमच्याकडे आले. एकटीने ट्रेनने आले, यावरूनच तुम्ही ओळखायला हवं होतं. तुम्ही डबा उघडलात, वास घेतलात, म्हणालात, "वांगी?" मी विचारलं, "निधीत पैसे आहेत ना?"

तुम्ही डबा बंद केलात. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो."

व्याख्यान नव्हतंच. कोणी बोलावलं नव्हतं. फोल्क्सहोखशूलचे वर्ग कमी झाले होते, वय झालं होतं, आणि फोटोतल्या त्या लाल विटांमधलं दालन पाहिल्याशिवाय मरायचं नव्हतं, म्हणून निधीतले पैसे घेतलेत. म्हणालात, "थोडे थोडे करून टाकतोय परत. दोनशे टाकलेत." दोन हजार सहाशेंपैकी.

"पोरीला का सांगितलं नाहीत पैसे नाहीत म्हणून?"

तुम्ही डबा उचलून ओट्यावर नेऊन ठेवलात.

"नियमाच्या मागं कशाला लपलात?"

पैसे घेतलेत ते एक वेळ मी गिळलं असतं. माणसाला हौस असते, उसने घेतो, फेडतो. पण जो नियम तुम्ही ओट्याशी बसून मला शिकवलात, तोच हातात धरून त्या पोरीच्या तोंडावर दार लावलंत. लहान मुलांना देवाची भीती घालून स्वतः प्रसाद खाणारा माणूस असतो तसं. मी म्हटलं, "मग आता महाभियोग लावायचा का?"

तुम्ही हसलात. "लावा की. तिघांत एक तुम्ही आहात."

"पुढच्या सभेत तुम्ही उभं राहून सांगा. नाहीतर मी सांगेन."

"तुम्ही? उभं राहून? वहिनी, बेकरीत तीन ब्रोट्शन पाव मागताना तुम्हाला घाम फुटतो."

खरं आहे ते. अजूनही फुटतो. मी बोटं दाखवते.

निघताना तुम्ही दारापर्यंत आलात आणि म्हणालात, "सांगेन." पायऱ्या उतरताना मला ऐकू आलं, की ऐकू यावं असं मला वाटलं म्हणून आलं, कोण जाणे. सभेला तीन आठवडे होते. त्याआधीच एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. तुम्ही सांगितलं असतंत का, भाऊजी? रोज पोळ्या लाटताना मी तुम्हाला त्या हॉलमध्ये उभं करते. कधी तुम्ही बोलता, कधी नुसतं पाणी पिऊन खाली बसता.

आता कालचं.

तेजस बोलायला उठला. तुमच्यामागं मंडळाचं काम आता तोच बघतो, सॉफ्टवेअरवाला, पुण्याचा, मनाने चांगला आहे. म्हणाला, "सर म्हणजे तत्त्व. आल्झो, म्हणजे, आपल्यापैकी कोणाला विचारा, नियमाबाहेर सरांनी स्वतःसाठी एक पाऊल टाकलं नाही." लोक डोळे पुसत होते. अश्विनी शेवटच्या रांगेत बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं, तीही पुसत होती.

मग तो म्हणाला, "अडीनडीच्या निधीला सरांचं नाव द्यावं असा ठराव मांडतो. हात वर करा."

सगळे हात वर गेले. तुमच्या दादांचाही गेला. आणि मी उभी राहिले. पायांनी उभं केलं, मी नाही. साडीचा पदर खुर्चीच्या स्क्रूत अडकला होता, तो मागून कोणीतरी सोडवला.

"हात खाली करा," मी म्हटलं. आवाज इतका लहान निघाला की पुढच्या रांगेनेच ऐकला. पुन्हा म्हटलं. "हात खाली करा. निधीत पैसे नाहीत."

निवाडा समितीतले आपले डॉक्टर शेजारी होते. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "वहिनी, आज नको. माणूस गेलाय."

"आज सभा आहे ना? मग आजच."

"अहो पण आपण तिघं बसू, मिटवू शांतपणे."

"तिघांनी मिटवायचं असं कुठं लिहिलंय? तिघांनी सांगायचं असं लिहिलंय."

आणि मग सांगितलं. चार वाक्यांत. तुम्ही किती घेतले, कशासाठी घेतले, किती परत टाकले, आणि अश्विनीने मागितले तेव्हा काय म्हणालात. तेजसच्या माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. अश्विनीने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग होता का काय होतं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्या फोटोकडे मात्र तिने पुन्हा बघितलं नाही.

घरी आल्यावर तुमचे दादा बूट काढता काढता म्हणाले, "माझ्या भावाला चोर ठरवलंस."

"ठरवलं नाही. सांगितलं."

"मला आधी सांगायचंस. मी गुपचूप भरले असते. कोणाला कळलंही नसतं."

"तेच तर नको होतं," मी म्हटलं. एका माणसाने गुपचूप घेतले, दुसऱ्याने गुपचूप भरले, म्हणजे चमचा पुन्हा कोणा एकाच्याच हातात. हे त्यांना समजावून सांगायला तुम्ही हवे होतात. मला धड सांगता आलं नाही. ते उपाशी झोपले.

झोप येत नाही म्हणून हे लिहितेय. ती घंटा देवापुढून काढली. टाकून द्यावी म्हटलं, पण या देशात कुठली वस्तू कुठल्या रंगाच्या पेटीत टाकायची ते मला कधी कळलं नाही, आणि ती कशाची बनवलीय तेही कळत नाही. खिडकीत ठेवलीय. बघितली की शिसारी येते. बघितल्याशिवाय राहवतही नाही.

इथून पुढं लिहायला बरेच दिवस गेले. तुमचं वर्षश्राद्ध अजून लांब आहे, पण थंडी गेली.

तुमचं घर आम्ही रिकामं केलं. तुमच्या दादांनी एकेक कपडा घडी करून पिशवीत भरला. माझ्याशी लागेल तेवढंच बोलत होते. पुस्तकांसाठी जुन्या पुस्तकवाल्याला बोलावलं. त्याने कपाटावरून नजर फिरवली आणि सगळ्या अमेरिकेचे चाळीस युरो देऊ केले. तुमचे दादा म्हणाले, "चाळीस?" तो म्हणाला, "गेनाऊ," म्हणजे बरोबर तेवढेच. तुम्ही असतात तर त्याला बसवून तासभर शिकवलं असतंत. आम्ही घेतले.

पुस्तकं हलवताना मागं माझ्या वाणसामानाच्या याद्या सापडल्या. फ्रीजवरून जुनी यादी काढून तुम्ही न्यायचात ते मला माहीत होतं, मला वाटायचं केरात टाकता. पुस्तकांत खुणेला घातल्या होत्या. जिरं, गूळ, पोहे, आणि शेजारी तुमच्या तांबड्या वेलांट्या. मी तिथंच खाली बसले. तेव्हा रडू आलं, भाऊजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तुमच्या दादांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसले. म्हणाले, "घराची कौत्सिओन परत येईल. ठेव म्हणून दिलेली ती. ती निधीत भरू. उरेल तेवढं माझ्या पेन्शनमधून." मग माझ्या मांडीवरच्या याद्या गोळा करत म्हणाले, "सभेत सांगून भरू."

घरमालकीण बाईने लवकर दिली. भिंतीला खिळ्यांची भोकं होती त्याचे पैसे कापले, आणि कापले त्याची पावती दिली.

काल सभा झाली. मला एक दुरुस्ती मांडायची होती. वहीच्या कागदावर लिहून नेलं होतं. घरात मृत्यू झाला आणि पोराला गावी जायचं असेल तर सभेची वाट बघायची नाही. निवाड्याच्या तिघांतल्या दोघांनी हो म्हटलं की पैसे त्याच दिवशी द्यायचे, आणि कोणी दिले ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं. तेजसने ते लॅपटॉपवर घेतलं आणि वाचून दाखवलं, "आप्तनिधनप्रसंगी सदस्यास तातडीचे साहाय्य." मी म्हटलं, "मृत्यू लिही. घर लिही. वाचणारं पोर रडत असेल, त्याला एका वाचनात कळायला हवं." त्याने खोडलं आणि माझं लिहिलं. वेलांट्या तेवढ्या सुधारल्या.

दुसरी दुरुस्ती डॉक्टरांनी मांडली. अध्यक्ष दोनदाच. 'फक्त एवढ्या वेळेपुरता' हे पुन्हा कोणाला म्हणता येणार नाही. मत घेतलं ते जेवणाआधी, ताटं मांडायच्याही आधी. या वेळी मी हात वर केला.

तिला घटना का म्हणतात, ते मी तुम्हाला जेवताना विचारलं होतं. तुम्ही बांधणी सांगितलीत. मला वाटतं माझी चूक चूक नव्हती. कागदावर आहे तोवर काही झालेलं नसतं. कोणीतरी खुर्चीवरून उठतं, पदर अडकतो, आणि मग घडते. ती तुमच्या बाबतीत घडावी लागली, याचं वाईट वाटतं. ती तुम्हीच मला शिकवलीत, याचे आभार मानते. दोन्ही एकदम वाटतं, आणि किळसही अजून पुरती गेलेली नाही.

निधीला तुमचं नाव दिलं नाही. खजिनदारीसाठी अश्विनीचं नाव निघालं, ती नको म्हणाली. नव्या खजिनदाराने फोन उघडून बँकेतली रक्कम मोठ्यांदा वाचली. तुम्ही टाकलेले दोनशे, कौत्सिओन, अमेरिकेचे चाळीस, आणि राहिलेले तुमच्या दादांचे. कोणीतरी विचारलं, "म्हणजे सगळे आले?" तुमचे दादा उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या भावाने घेतलेले सगळे." मग बसले आणि बसल्यावर माझा हात शोधला.

पैसे पूर्ण फिटले, भाऊजी.